विमानाचे अंतर व भाजीचा वेळ

खडवली, पडघा, वासिंद व त्यापलीकडे शहापूर-मुरबाड ह्या टापूत भाताची कापणी झाल्यावर भाजीपाला करणारे शेतकरी पुष्कळ असून, त्यांच्या भेंडीचा काही भाग विमानाने आखाती देशांत व विलायतेस जातो, हे वाचकांस ठाऊक आहेच. माल परदेशी जाऊ लागला म्हणजे परदेशी हिशेबही आपल्या ओटीवर येऊन बसतो. मुंबईच्या बाजारात माल पाठविणाऱ्यास गाडीभाडे, हमाली, तोलाई व कडता एवढ्या रकमा समजल्या की पट्टी वाचता येते. विमानाने जाणाऱ्या मालाच्या पट्टीत मात्र पुष्कळदा आणखी एक कलम निघते, ते म्हणजे वाटेत खराब झालेल्या मालाची वजावट. ही वजावट किती व कोणाच्या माथी, हे ठरविणारा बहुधा एकटा व्यापारी असतो.

गेल्या उन्हाळ्यात आमच्या ओळखीच्या काही बागाईतदारांस अशीच वजावट सोसावी लागली. त्यांनी कारण विचारले तेव्हा व्यापाऱ्याच्या माणसाने उत्तर दिले की, "मुंबईहून दुबईस विमान पावणेदोन तासांत पोचते. एवढ्या वेळात भेंडी काळी पडत नाही; तेव्हा ती तुमच्या बांधावरच बिघडली असली पाहिजे." हे उत्तर ऐकून मंडळी गप्प बसली, कारण पावणेदोन तास खरे की खोटे हे सांगणारा त्यांच्यात कोणी नव्हता. वस्तुतः मुंबईहून दुबईस कोणतेही प्रवासी विमान पावणेदोन तासांत पोचत नाही. तो आकडा कोठून आला, खरा वेळ किती, आणि त्या वेळाचा भेंडीच्या काळे पडण्याशी संबंध किती, ह्याचा खुलासा आम्ही येथे करीत आहोत. आमचा जन्म महसूल खात्यातील कारकुनीत गेला असल्यामुळे मोजणी व नोंद ह्या दोन गोष्टींची आम्हांस सवय आहे, आणि ह्या प्रश्नास लागणारे ज्ञान बहुतेक तेवढेच आहे.

प्रथम अंतर म्हणजे काय ते पाहू. गावची मोजणी ज्यांनी पाहिली आहे त्यांस शंकू साखळी ठाऊक असेल. तिची लांबी तेहतीस फूट, तिचे भाग सोळा आणे, आणि तेहतीस फूट लांब व तेवढेच रुंद क्षेत्र म्हणजे एक गुंठा. एका खुणेपासून दुसऱ्या खुणेपर्यंत साखळी ताठ धरली की अंतर निघते. गावाच्या शिवारापुरती जमीन सपाट धरण्यास हरकत नसते. परंतु हजारो किलोमीटरांचा प्रश्न आला म्हणजे जमीन सपाट धरून चालत नाही, आणि भिंतीवरील नकाशावर पट्टी ठेवून काढलेली रेघ फसवी ठरते.

ह्याची खात्री ज्यास पाहिजे त्याने एक मोठे कलिंगड घ्यावे. त्याच्या देठाकडील अर्ध्या भागात, एकमेकांपासून बरेच लांब असे दोन ठिपके काढावेत व त्यांमध्ये सुतळी ताणून धरावी. सुतळी ताठ झाली की ती आपोआप देठाच्या बाजूस सरकते. हीच दोन ठिकाणांमधील सर्वांत जवळची वाट होय. पृथ्वीवरही असेच आहे. मुंबईहून लंडनपर्यंत सपाट नकाशावर रेघ ओढली तर तिचा मध्य सिरिया देशाच्या आसपास येतो. पण पृथ्वीच्या गोलावर दोरा ताणला तर त्याचा मध्य कितीतरी उत्तरेस, आर्मेनिया व जॉर्जिया ह्यांच्या सीमेजवळच्या डोंगराळ मुलखात पडतो. ह्या ताणलेल्या दोऱ्याने मोजलेले अंतर म्हणजेच दोन विमानतळांमधील हवाई अंतर. ह्या मापाने मुंबई ते लंडन सुमारे ७,२०० किलोमीटर, मुंबई ते दुबई सुमारे १,९३० किलोमीटर व मुंबई ते नागपूर सुमारे ६८५ किलोमीटर भरते. वैमानिक लोक किलोमीटरांऐवजी सागरी मैल वापरतात. एक सागरी मैल म्हणजे १.८५२ किलोमीटर. अक्षांशाच्या एका अंशाचे साठ भाग केले तर त्यातील एका भागाची लांबी एवढी येते, म्हणून हे माप नकाशावर मोजण्यास सोयीचे पडते. दुबईचे अंतर ह्या मापाने सुमारे १,०४० मैल होते. कोणी मैलांचा आकडा सांगितला तर तो रस्त्यावरचा मैल नव्हे, एवढे ध्यानात ठेवावे.

आता विमान ह्या दोऱ्यावरूनच जाते काय? बहुधा नाही. आपल्या देशातील पहिल्या नियमित हवाई टपालाचेच उदाहरण घ्या. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटा ह्यांनी पस मॉथ जातीचे लहानसे विमान टपाल घेऊन कराचीहून मुंबईस, जुहूच्या मैदानावर, आणले. कराची ते मुंबई हे सरळ अंतर पावणेनऊशे किलोमीटरांच्या आसपास आहे. परंतु ते वाटेत अहमदाबादेस उतरले, त्यामुळे प्रवास हजार किलोमीटरांवर गेला. सरळ अंतर एक व वाट दुसरी, असा प्रकार पहिल्याच दिवसापासून आहे. त्या काळी उतरावे लागे ते तेल, टपाल व प्रकाश ह्यांसाठी. आज वाट वाकडी होते ती मुख्यतः राज्याराज्यांतील भांडणांमुळे. जमिनीप्रमाणे आकाशासही हद्दी आहेत, आणि मालकाने वहिवाट बंद केली की वळसा घ्यावा लागतो. युक्रेनचे आकाश २४ फेब्रुवारी २०२२ पासून प्रवासी विमानांस बंद झाले. पाकिस्तानाने २०१९ साली फेब्रुवारीच्या अखेरीपासून जुलैच्या मध्यापर्यंत आपले आकाश बंद ठेवले होते. पुढे २४ एप्रिल २०२५ पासून भारतीय विमानांस पुन्हा बंदी केली व ती महिन्यामहिन्याने वाढवीत नेली. मुंबई-लंडनचा ताणलेला दोरा ह्या दोन्ही देशांच्या माथ्यावरून जातो, सबब त्या वाटेचे किलोमीटर व तास दोन्ही वाढले. दुबईची वाट बरीचशी अरबी समुद्रावरून असल्यामुळे तिला ह्याचा उपद्रव कमी. तथापि २३ जून २०२५ रोजी आखातातील अनेक राज्यांनी काही तासांपुरते आपले आकाश एकाएकी बंद केले, तेव्हा वाटेतील विमानांना माघारी किंवा दुसरीकडे वळावे लागले. अशा दिवशी विमानाच्या पोटात असलेल्या भाजीचे काय होत असेल ते सांगण्याची गरज नाही.

अंतर समजले; आता वेळ. मोठे प्रवासी विमान उंचावर गेल्यावर ताशी ८५० ते ९०० किलोमीटर जाते. १,९३० स भागाकार केला तर दुबईस सव्वादोन तास लागावेत. पण वेळापत्रकात सव्वातीन तासांच्या आसपास वेळ धरलेला असतो. वरचा तास कोठे जातो? वेळापत्रकातील सुटण्याची वेळ म्हणजे विमान आपल्या जागेवरून हलण्याची वेळ, आकाशात उडण्याची नव्हे; व पोचण्याची वेळ म्हणजे दुसऱ्या गावी जागेवर उभे राहण्याची वेळ. मधल्या काळात धावपट्टीपर्यंत सरपटत जाणे, पाळीसाठी थांबणे, वर चढणे, उतरताना वेग कमी करणे व गर्दी असल्यास आकाशात घिरट्या घालणे हे सर्व येते. मुंबईच्या जुन्या विमानतळावर, म्हणजे सांताक्रूझ-सहारच्या मैदानावर, धावपट्ट्या दोन असल्या तरी त्या एकमेकींस छेदतात, त्यामुळे दोन्ही एकाच वेळी वापरता येत नाहीत. दोन मोटा असून विहिरीस थारोळे एकच असावे, तसा हा प्रकार. म्हणून तेथे पाळीसाठी खोळंबा व्हावयाचाच.

दुसरे कारण वारा. खाली शेतात लागणारा वारा व दहा-अकरा किलोमीटर उंचीवरील वारा ह्यांचा काही संबंध नसतो. हिवाळ्यात उत्तर हिंदुस्थानाच्या माथ्यावरून पश्चिमेकडून पूर्वेकडे अतिशय वेगवान वारा वाहतो. त्याचा वेग कधी कधी ताशी दोनशे किलोमीटरांवरही जातो. पश्चिमेस जाणाऱ्या विमानास तो समोरून लागतो व परत येणाऱ्यास पाठीमागून ढकलतो. समजा विमानाची स्वतःची चाल ताशी ८५० आहे व वाटेत सरासरी ताशी १०० किलोमीटरांचा वारा आहे. जाताना चाल ७५० उरली. दुबईचे अंतर कापण्यास दोन तास चौतीस मिनिटे लागली. येताना चाल ९५० झाली. तेच अंतर दोन तास दोन मिनिटांत उरकले. एकाच वाटेवर अर्ध्या तासाचा फरक केवळ वाऱ्याने पडला. पावसाळ्यात हा पश्चिमेचा वारा हिमालयापलीकडे सरकतो, आणि आपल्या दक्षिणेच्या मुलखावर बऱ्याच उंचीवर उलट पूर्वेकडून वारा वाहू लागतो. खाली नैर्ऋत्येचा पाऊस घेऊन येणारा वारा व वर त्याच्या उलट दिशेचा, असा मजेदार संसार त्या चार महिन्यांत आपल्या डोक्यावर चालू असतो. म्हणून हिवाळ्याच्या व पावसाळ्याच्या वेळापत्रकांत थोडाबहुत फरक दिसतो.

आता ते पावणेदोन तास. पृथ्वीस एक अंश फिरण्यास चार मिनिटे लागतात, म्हणून पूर्वेकडील गावी सूर्य आधी उगवतो. मुंबई ७३ अंश रेखांशाच्या किंचित अलीकडे असल्यामुळे तिची सूर्यावरची वेळ ग्रिनिचच्या पुढे चार तास एकावन्न मिनिटे येते. सबंध देशाचे घड्याळ साडेब्याऐंशी अंशांवर लावलेले असून ते ग्रिनिचच्या साडेपाच तास पुढे आहे. हा एकोणचाळीस मिनिटांचा फरक मुंबईकरांस इतका खटकला होता की, १९०६ साली सर्व देशाने नवी वेळ घेतल्यावरही मुंबई शहराने आपली 'मुंबई टाईम' १९५५ पर्यंत सोडली नाही. जुन्या माणसांच्या बोलण्यात दोन वेळा येत त्या ह्याच.

दुबईचे घड्याळ आपल्या दीड तास मागे असते. विमान आपल्या पहाटे चार वाजता निघाले व सव्वातीन तासांनी पोचले, तर आपल्या घड्याळात सव्वासात वाजले, पण दुबईच्या भिंतीवर पावणेसहा. वेळापत्रकात सुटण्याची वेळ आपली व पोचण्याची वेळ तेथली छापतात. चारातून पावणेसहा गेले की उरले पावणेदोन तास! व्यापाऱ्याच्या माणसाने केलेली वजाबाकी ती हीच. तेच विमान दुबईहून तेथल्या दहा वाजता निघून तीन तासांनी मुंबईस आले तर छापलेली वेळ आपल्या अडीच वाजताची दिसेल, आणि त्याच रीतीने वजाबाकी करणाऱ्यास परतीला साडेचार तास लागले असे वाटेल. खरा वेळ अदमासाने काढण्याची सोपी रीत अशी की, जाण्याचा दिसणारा वेळ व येण्याचा दिसणारा वेळ ह्यांची बेरीज करून निम्मी करावी. पावणेदोन व साडेचार मिळून सव्वासहा, त्याचे निम्मे तीन तास सात मिनिटे. घड्याळांतील फरक आपोआप कटतो. लंडनच्या बाबतीत आणखी एक गुंता आहे. तेथे उन्हाळ्यात घड्याळे एक तास पुढे करतात, म्हणून फरक हिवाळ्यात साडेपाच व उन्हाळ्यात साडेचार तासांचा असतो. तिकडे जाण्यास वेळापत्रकाप्रमाणे साडेनऊ-दहा तास व येण्यास त्याहून सुमारे एक तास कमी लागतो.

येथवर विमानाचे झाले. परंतु भेंडीस विमानाचे घड्याळही कळत नाही व दुबईचेही नाही. तिचे घड्याळ उष्णतेवर चालते. तोडलेली भाजी मेलेली नसते, ती श्वास घेत असते व साठविलेले अन्न जाळीत असते. उष्णमान दहा अंशांनी वाढले की हे जळणे सामान्यतः दुप्पट ते तिप्पट होते. भेंडीस सात ते दहा अंश सेल्सिअसची थंडी मानवते. त्याखाली नेली तर थंडीनेच डाग पडतात. दहा अंशांत ठेवलेल्या भेंडीची व पस्तीस अंशांच्या उन्हात ठेवलेल्या भेंडीची तुलना केली तर, अदमासाने, बांधावरील एक तास हा शीतगृहातील पाच ते दहा तासांच्या बरोबर येतो. म्हणजे मुंबई ते दुबई हा संपूर्ण विमानप्रवास थंडीत झाला तर तो भेंडीच्या आयुष्यातून जेवढे घेतो, तेवढेच आपल्या शेतावर गाडीची वाट पाहत घालविलेला अर्धा-पाऊण तास घेतो. हा हिशेब व्यापाऱ्याच्या बाजूचा दिसेल. परंतु तो जसा आपल्या बांधास लागू आहे तसाच तो व्यापाऱ्याच्या गाडीस, गोदामास व विमानतळावरील उघड्या फरशीसही लागू आहे.

एका पेटीचा प्रवास अदमासाने मांडून पाहू. सकाळी सात वाजता तोडा झाला. निवड होऊन दहा-अकराच्या सुमारास माल गाडीत चढला. दुपारी तो वाशीकडील किंवा अन्य ठिकाणच्या पॅकहाऊसात पोचला. तेथे मालातील ऊन काढणे, पुन्हा निवडणे, पुठ्ठ्याच्या पेट्या भरणे व वनस्पती-आरोग्याच्या दाखल्यासाठी तपासणी होणे ह्यांत संध्याकाळ झाली. रात्री नऊ-दहाच्या सुमारास माल विमानतळावरील गोदामात द्यावयाचा, कारण उड्डाणाच्या काही तास आधी माल घेणे बंद होते. तेथे वजन, क्ष-किरणांची तपासणी व कस्टमची कागदपत्रे. पहाटे चार वाजता विमान हलले, सव्वासातास पोचले. तेथील कस्टम व गाडी होऊन बाजारात माल उघडला तेव्हा आपल्या घड्याळात साडेअकरा. तोड्यापासून उघडण्यापर्यंत साडेअठ्ठावीस तास झाले. त्यात विमानाचे सव्वातीन. एकूण वेळाचा सुमारे नववा हिस्सा! बाकीचे आठ हिस्से जमिनीवर गेले, आणि भांडण मात्र नेहमी विमानावरून.

ह्या जमिनीवरील तासांपैकी तपासणीचे तास वाया गेले असे कोणी समजू नये. १ मे २०१४ पासून युरोपीय संघाने भारतातील हापूस आंबा व त्याबरोबर कारली, वांगी, पडवळ व अळू ह्यांची आयात, खेपांत फळमाशी व इतर किडी सापडल्यामुळे, बंद केली होती. आंब्यावरील बंदी २०१५ साली उठली, पण त्या एका हंगामाचे नुकसान कोकणाच्या बागाईतदारांस भोगावे लागले. भेंडीवर त्या वेळी बंदी नव्हती. परंतु भारतीय भेंडीच्या काही खेपा औषधांच्या अंशासाठी युरोपच्या सीमेवर थांबवून तपासल्या जातात, आणि असा अडकलेला माल थंडीत असला तरी शिळा होतोच. तोड्याच्या तोंडावर फवारणी करणाऱ्याने हे ध्यानात घ्यावे. त्याच्या एकट्याच्या पेटीमुळे सबंध खेप उभी राहते.

आता आमच्या गावाकडील एक विशेष गोष्ट. खडवलीपासून मुंबईचा सहारचा विमानतळ सरळ रेषेत सुमारे ४७ किलोमीटर आहे. नवी मुंबईचा विमानतळ सुमारे ४४ किलोमीटर. ह्या दुसऱ्या विमानतळाचे उद्घाटन ८ ऑक्टोबर २०२५ रोजी झाले व २५ डिसेंबर २०२५ पासून तेथून उड्डाणे सुरू झाली. दोन मैदाने एकमेकांपासून सरळ रेषेत चोवीस-पंचवीस किलोमीटरांवर, व आम्ही दोहोंपासून जवळजवळ सारख्याच अंतरावर. दुबईकडे पाहता दोहोंपासूनचे हवाई अंतरही इतके सारखे आहे की विमानास मिनिट-दोन मिनिटांचाच फरक पडावा. मग शेतकऱ्याने कोणता बरा म्हणावा? नकाशाने ह्याचे उत्तर मिळत नाही, रस्त्याने मिळते. सहारकडे जाणारी गाडी पडघ्यावरून नाशिक महामार्गास लागते व भिवंडीची बगल, माणकोली, ठाण्याचा माजिवडा असे एकामागून एक गर्दीचे नाके ओलांडते. नवी मुंबईकडे जाणारी कल्याण, शिळफाटा करून पनवेलच्या बाजूस उतरते, आणि शिळफाट्याची कीर्ती आम्ही सांगावी असे नाही. दोन्हीकडे रस्ता साठीच्या आगेमागे किलोमीटर. रात्री हा दीड तासाचा मार्ग आहे; दिवसा त्यास तीन तास लागले तरी कोणी नवल करू नये. म्हणून गाडी कोणत्या विमानतळाकडे जाणार ह्यापेक्षा ती किती वाजता निघणार हा प्रश्न आम्हांस अधिक महत्त्वाचा वाटतो. दुपारी बारास उघड्या पिकअपमधून निघालेला माल ठाण्याच्या रांगेत उन्हात उभा राहिला, तर तेथे गेलेले दीड-दोन तास शीतगृहातील दहा-वीस तासांइतके त्यास भारी पडतात. तोडा पहाटे करून माल सावलीत ठेवावा, पेट्यांवर नुसते प्लॅस्टिक न टाकता हवा खेळेल असे झाकण घालावे, आणि गाडी उन्हे चढण्यापूर्वी हलवावी. भेंडी भिजवू मात्र नये. ओली भरलेली भेंडी डागाळते. बोटांच्या दाबाने चिरडलेली शिरही काही तासांनी काळी पडते, म्हणून तोडताना हातमोजे घालण्याची चाल आहे ती नखऱ्याची नव्हे.

देशातील देशात माल पाठविणाऱ्यासही हाच विचार लागू आहे. मुंबई-नागपूरचे हवाई अंतर वर सांगितले. समृद्धी महामार्ग, ज्याचे शेवटचे टोक आमच्या शेजारी भिवंडी तालुक्यातील आमणे येथे ५ जून २०२५ रोजी खुले झाले, तो ७०१ किलोमीटरांचा आहे. म्हणजे रस्त्याची लांबी व विमानाचे अंतर जवळजवळ एकच! विमानास दीड तास व मोटारीस आठेक तास, हे खरे. पण विमानतळाकडे जाणे, आधी माल देणे व तिकडे तो सोडवून घेणे हे तास मिळविले, तर संध्याकाळी आमण्याहून निघालेली थंड गाडी पहाटे नागपूरच्या बाजारात उभी राहते व कोठेही माल उतरवून पुन्हा चढवावा लागत नाही. एवढ्या अंतरास भाजीसाठी विमान करणे आम्हांस परवडणारे दिसत नाही. दुबईस मात्र बोटीने जावयाचे तर काही दिवस जातात. कांदा व डाळिंब ते दिवस सोसतात. द्राक्षे तर थंड पेटाऱ्यांतून कित्येक आठवड्यांचा प्रवास करून युरोपास पोचतात. भेंडीस ते जमत नाही. म्हणूनच ती विमानात बसते.

भाड्याविषयी एक गोष्ट सांगितली पाहिजे, कारण तीही पट्टीत उतरते. विमानाचे भाडे नुसत्या वजनावर नसते. पेटीने अडविलेल्या जागेवरही असते. लांबी, रुंदी व उंची सेंटिमीटरांत गुणून सहा हजारांनी भागतात, आणि जो आकडा येतो तो प्रत्यक्ष किलोंहून मोठा असल्यास त्यावर भाडे घेतात. चाळीस, तीस व वीस सेंटिमीटरांच्या पेटीचा गुणाकार चोवीस हजार, भागाकार चार. तीत साडेतीन किलोच भेंडी भरली तरी भाडे चार किलोंचे. पोकळ पेटी भरणाऱ्याने वारा विलायतेस पाठविला असे समजावे. शिवाय आपला माल पुष्कळदा प्रवासी विमानांच्या पोटातूनच जातो, स्वतंत्र मालविमानातून नव्हे. २०२० च्या मार्च महिन्यात साथीमुळे परदेशी प्रवासी विमाने बंद पडली तेव्हा माणसांबरोबर भाजीचीही जागा नाहीशी झाली, उरलेल्या मालविमानांचे भाडे चढले, व निर्यातीच्या आशेने केलेला माल स्थानिक बाजारातच विकावा लागला.

आता वजावटीच्या भांडणाकडे परत येऊ. महसुलाच्या दप्तरात ज्याची नोंद नाही ते घडलेच नाही असे मानतात. व्यापाऱ्याच्या दप्तरातही निराळे नाही. म्हणून माल देतानाच एका चिठ्ठीवर पाच वेळा लिहून घ्याव्यात: तोडा संपल्याची वेळ, माल गाडीत चढल्याची वेळ, पॅकहाऊसात उतरल्याची वेळ, विमानतळावरील गोदामाने माल घेतल्याची वेळ व विमान सुटल्याची वेळ. पहिल्या दोन वेळा आपणच लिहून गाडीवाल्याची सही घ्यावी. पुढील वेळा व्यापाऱ्याने द्यावयाच्या. मालाच्या विमानपावतीस एअरवे बिल म्हणतात. तिच्यावर अकरा आकडी क्रमांक असतो, त्यातील पहिले तीन आकडे विमान कंपनीचे. हा क्रमांक मागून घेतला की माल कोणत्या विमानाने गेला, कधी निघाला व कधी पोचला हे कंपनीकडे घरबसल्या पाहता येते. पॅकहाऊसात माल उतरताना त्याच्या आतील उष्णमान मोजले जाते तेही लिहून मागावे. दांडीचा साधा उष्णतामापक शेतकऱ्याने स्वतः बाळगला तर फारच उत्तम, कारण गाडीत चढताना भेंडी किती अंशांवर होती हे मग त्यासही सांगता येते. वजावटीची बोली हंगामापूर्वी ठरवावी, आणि ती अशी की, पॅकहाऊसात निवड होऊन माल स्वीकारला गेल्यावर पुढील खराबी शेतकऱ्याच्या नावे पडू नये. आमच्या ओळखीच्या त्या मंडळींनी चालू हंगामापासून अशी चिठ्ठी सुरू केली आहे. व्यापाऱ्याने प्रथम कुरकूर केली, मग सही केली.